जखराच्या म्हशींची साद

जखराने फेकलेली घंटा हूरबाईच्या पायाशी, तुडवायला घेतलेल्या मातीत येऊन रुतली. चिखलाचे शिंतोडे तिच्या ओढणीवर उडाले. एरवी कुणी असं केलं असतं तर हूरबाईने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण जखराचं तोंड बघून ती नुसती उठून उभी राहिली. माणूस कमरेपर्यंत खाऱ्या चिखलाने माखलेला, डोळे लाल, आणि उभं राहायला त्याने छपराचा खांब धरला होता.

"खमीसा कुठाय?"

"भट्टीपाशी. काय झालं ते तरी सांग, जखराभाई."

"तू विचारतेस काय झालं म्हणून? पाच म्हशी गेल्या माझ्या! रणाच्या चिखलात मानेपर्यंत रुतल्या. दोन दुभत्या होत्या. उजाडल्यापासून दोर लावून ओढतोय आम्ही बापलेक. एकीचं शिंग उपटून हातात आलं, म्हैस नाही आली वर."

त्याने हात पुढे केले. दोराने तळव्यांची सालटी निघाली होती.

खमीसा लोहार हातातल्या हातोड्यासकट बाहेर आला. जखराने त्याला सलाम केला नाही. मातीतल्या घंटेकडे नुसतं बोट दाखवलं.

"उचल. वाजव."

खमीसाने घंटा उचलली, लुंगीला पुसली आणि आतला लाकडी लोलक हलवला. एकदाच. हूरबाईने आयुष्यभर तो आवाज ऐकला होता. पहाटे तो वाजला की पुढची म्हैस लाखी आली, म्हणजे जखराच्या म्हशी आल्या, हे ती अंथरुणात पडल्या पडल्या सांगायची.

"ही तर तुझीच साद," खमीसा म्हणाला.

"माझी ना? मग ही कादरच्या म्हशीच्या गळ्यात काय करत होती?"

खाऱ्या रणाकाठच्या धोरीवांढ गावात म्हशीमागे गुराखी जात नाही. उन्हाच्या काहिलीत जनावराला चरवत नाही, म्हणून रात्री सोडतात. पुढारी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत राहते, मागची जनावरं त्या सादेवर चालतात आणि पहाटे आपापल्या दारात येऊन उभी राहतात. प्रत्येक घराची साद निराळी. खमीसाच्या आज्याने जखराच्या आज्याला जी दिली ती जखराचीच. लोहार उपाशी मरेल, पण एकाची साद दुसऱ्याला देणार नाही. नुसत्या कानाने चुकू नये म्हणून घंटेच्या कडीवर छिन्नीने खाचा मारलेल्या असतात. जखराच्या घराच्या दोन उभ्या, एक आडवी.

यंदा पाऊस नावाला पडला. तळं आटून मधे हिरवट डबकं उरलं होतं, आणि सगळ्यांच्या म्हशी त्या एकाच डबक्यावर. रात्री कादरच्या म्हशी पाण्याच्या वासाने रणाच्या कडेला वळल्या. त्या टणक वाटेने गेल्या नि टणक वाटेने परत आल्या. पण लाखीच्या मागे रेंगाळलेल्या जखराच्या पाच म्हशींनी ती साद ऐकली आणि त्या आडव्या निघाल्या, मधल्या दलदलीतून.

"ही ओतीव आहे," खमीसा घंटा उलटी करून म्हणाला. "हा बघ सांधा. मी पत्रा ठोकून करतो. ही माझी नाही."

"खाचा कुणाच्या आहेत?"

"माझ्यासारख्याच आहेत."

"आणि साद? ती कशी गेली बाहेर? आकाशातून पडली?"

 खमीसाने घंटा उलटीची सुलटी केली, परत उलटी केली. हूरबाईला नवऱ्याची मान ओळखीची होती. ती अशी खाली गेली की माणसाला उत्तर ठाऊक असतं. आणि मग तिलाही ते आठवलं.

"कादर म्हणतो भुजच्या त्या कारखानेवाल्या हारूनकडून घेतली," जखरा म्हणाला. "शुक्रवारी नमाजनंतर गावची जमात निवाड्याला बसेल. हारूनलाही बोलावलंय. तिथे सांग काय ते."

जाताना त्याने खांबाला धरलेला हात सोडला, तर खांबावर रक्ताचा पंजा उमटलेला होता.

"तो हिवाळ्यातला माणूस," हूरबाई म्हणाली.

खमीसा भात्यापाशी जाऊन बसला.

"ऐकतोस का? तोंडाला मफलर गुंडाळलेला. मी त्याला ताक दिलं. मीच! वर गुळाचा खडा दिला."

"ऐकलं."

त्या माणसाने जखराच्या खाचांची एक जुनी, चेपलेली, मुकी घंटा आणली होती. मुकी घंटा दारातून परत पाठवायची नाही, ही लोहारांची रीत. जनावर पडतं, खड्ड्यात जातं, कोल्ही-कुत्री त्याला फाडतात, तेव्हा घंटा मुकी होते. ती घेऊन येणारा आधीच दुःखात असतो. म्हणून त्याला नाव विचारायचं नाही, कसं झालं विचारायचं नाही, पैसा घ्यायचा नाही. खाचा बघायच्या नि ज्याची त्याची साद तिला परत द्यायची. जखराचाच कुणी नातेवाईक असेल असं धरून खमीसाने तेच केलं होतं. चेप काढला, हूरबाईने मातीत गुंडाळून नवा पितळेचा हात चढवला, भट्टीतून काढून खमीसाने कडा ठोकत ठोकत जखराची साद आणली. मफलरवाला दोन्ही हात जोडून गेला. लबाडाने डोळेसुद्धा पुसले होते.

"भंगारातून उचललेली असणार हारूनने," हूरबाई म्हणाली. "आणि साद घालून घेतली आपल्याकडून. फुकट! मग तिच्यावरून साचा काढला. अरे, चोर रात्री कुडाला भोक पाडून येतो, हा मेला दारातून येऊन ताक पिऊन गेला!"

"हं."

"हं काय? जमातीत यातलं काही बोलायचं नाही. ओतीव आहे, माझी नाही, एवढंच सांग. खोटं नाही ते."

"विचारलं तर सांगेन."

"का? हौस आहे?"

"साद मी दिली, हूर."

"फसवून घेतली!"

"फसवून घेतली. पण दिली मी." त्याने भाता ओढला. राख उडून त्याच्या भुवयांवर बसली. तीही त्याने झटकली नाही.

हूरबाईला त्याचं डोकं त्या भट्टीत घालावंसं वाटलं. या माणसाबरोबर तिने उभा जन्म मातीत हात घातले होते. पत्रा तो कापायचा, वळवायचा, ठोकायचा. मातीच्या रबड्यात बुडवून पितळेची भुकटी लावायची, वरून कापूस-मातीची पोळी थापून गोळा करायचा आणि भट्टीत सोडायचा, हे तिचं. नखं कधीच गेली होती. बोटांची टोकं भाजून भाजून अशी झाली होती की गरम तव्यावरचा रोटला ती चिमट्याशिवाय उलटायची. एवढं करून गावात त्यांच्याकडे होतं काय? विश्वास. तेवढाच. आणि हा गडी तो उचलून जमातीच्या पायाशी ठेवायला निघाला होता.

दुसऱ्या दिवसापासून घरचं ताक बंद झालं. जखराच्या घरून रोज मडकं यायचं, ते आलं नाही. ते बरोबरच होतं, त्याचं तिला काही वाटलं नाही. पण ज्याने तयार घंटा न्यायला यायचं तो आला नाही, आणि ज्याने नव्या सांगितल्या होत्या त्याने निरोप पाठवला की राहू दे, घाई नाही. खमीसा तरी सकाळपासून पत्रा ठोकत होता. कुणासाठी, ते विचारायची सोय नव्हती.

कोरडा रोटला त्याच्या घशाखाली उतरेना, तेव्हा हूरबाई मडकं घेऊन हाजी मामदच्या घरी गेली. हाजी जमातीचा म्होरक्या. गावात सगळ्यात मोठा गोठा त्याचा. त्याची मोठी सून ओसरीवर बसून ताक घुसळत होती.

"थोडं ताक दे गं."

"आज नाही गं, मावशी."

डेरा काठोकाठ भरलेला होता. हूरबाईने डेऱ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. सुनेने रवीची दोरी आणखी जोरात ओढली.

"नसेल तर नसू दे," हूरबाई म्हणाली आणि वळली. तेवढ्यात गोठ्यात एका म्हशीने माशा झटकायला मान हलवली आणि घंटा वाजली.

ती थबकली. मग सरळ गोठ्यात शिरली. पिवळीधमक घंटा, नवीकोरी. कडीवर दोन उभ्या खाचा, एक आडवी. शेजारच्या म्हशीच्या गळ्यात तीच. तिसरीच्याही.

"ह्या कुठून आल्या?"

"भुजहून." सून आता उठून आली होती. "आमच्या आमदने आणल्या. तुमच्या एकीच्या पैशात तीन आल्या. आणि खाचाही तुमच्याच हातच्यासारख्या आहेत की त्यावर! मग तुमचं कुठे दुखलं?"

"तुला ऐकू येत नाही का गं? ही साद कुणाची, तुला कळत नाही? लहानपणापासून ऐकतेस!"

"कळते ना. सगळ्यांनीच घेतल्यात, मावशी. कादरने, अलानाने, आमच्या चुलत सासऱ्यांनी. आम्हीच एकटे का महाग घ्यायची?"

"जखराच्या पाच म्हशी मेल्या!"

"ते अल्लाच्या हातात," सून म्हणाली. "जा आता मावशी, आमद येईल. उगाच बोलाबोली नको."

हूरबाई रिकामं मडकं घेऊन परतली. रस्ताभर ती मोठ्याने बोलत होती. समोरून आलेल्या शेळ्यासुद्धा बाजूला झाल्या.

शुक्रवारी मशिदीपुढच्या पिलूच्या झाडाखाली जमात बसली. बायका लांब, भिंतीच्या सावलीत. मधे खाट टाकलेली, आणि खाटेवर हारून शेठ. भुजहून जीपने आला होता. पांढरी कडक पठाणी, अत्तर, पायात चकचकीत मोजडी. हाजी मामदने स्वतः बशीत चहा ओतून त्याच्या हातात दिला. पाच म्हशी गमावलेला जखरा खाली मातीत बसला होता, हातांना चिंध्या गुंडाळून.

आधी मिठूचा निकाल लागला. मिठू म्हणजे चारा कापणारा मजूर. त्याने आठवड्यापूर्वी खमीसाच्या छपरातून एक घंटा उचलली होती. आपल्या शेळीच्या गळ्यात बांधली आणि त्याच दिवशी सापडला. शेळी गावभर वाजत फिरत होती, सापडेल नाही तर काय! तरण्या पोरांनी त्याला वेड्या बाभळीला बांधून मारलं होतं. अजून त्याचा एक डोळा उघडत नव्हता. हाजीने त्याला उभं केलं, दहा माणसांसमोर कान धरायला लावले, दंड सांगितला, वर म्हटलं की यापुढे गावच्या कुरणात पाय ठेवलास तर पाय तोडू. मिठू कान धरून उभा होता आणि त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. ते पुसायचं तर कान सोडावा लागला असता.

"बस खाली. चोर कुठला," हाजी म्हणाला. "हां, हारून शेठ. आता तुमचं जरा ते. चहा घ्या ना, गार होतोय."

हारूनने चहा संपवला. बशी नीट खाली ठेवली.

"मी लपवत नाही काही," तो म्हणाला. आवाज गोड होता. "घंटा माझ्या कारखान्यातल्या. साचा एका जुन्या घंटेवरून काढला. जुनी घंटा मी भंगारात पैसे मोजून घेतली. आता मला कुणी सांगा, मी चोरलं काय? या मिठूने घंटा नेली, खमीसाभाईंची एक कमी झाली. ती चोरी. बरोबर झालं त्याला शिक्षा झाली ते. मी काय नेलं? खमीसाभाईंच्या घंटा खमीसाभाईंच्या छपरात आहेत. जखराभाईंची साद जखराभाईंच्या म्हशीच्या गळ्यात आहे. कुणाचं काय कमी झालं, ते दाखवा. मी आत्ता भरून देतो."

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. दोघातिघांनी माना डोलावल्या. कादर म्हणाला, "हे पण खरंच आहे."

"पाच म्हशी कमी झाल्या," जखरा खालून म्हणाला.

"त्या रणाने नेल्या, भाई. मला त्यांचं दुःख आहे. पण रण काही माझ्या कारखान्यात तयार होत नाही."

कुणीतरी हसलं. जखराने चिंध्या बांधलेल्या मुठी मातीवर टेकवल्या.

हाजी खमीसाकडे वळला. "खमीसा, कुराणाला स्मरून बोल. जखराची साद जखराच्या घराबाहेर तू कुणाला दिलीस?"

हूरबाईने भिंतीपासून मान लांब केली. नवऱ्याने एकदा तिच्याकडे बघावं म्हणून तिने जीव एकवटला. त्याने बघितलं नाही.

"दिली," खमीसा म्हणाला.

आणि त्याने सगळं सांगितलं. मफलर, मुकी घंटा, रीत. सरळ, जसं घडलं तसं. सांगून झाल्यावर हात जोडून उभा राहिला.

"म्हणजे मूळ इथे आहे," हाजी म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "साद तुझ्या हातून बाहेर गेली. शेठ व्यापारी माणूस. समोर आलं ते त्याने विकलं."

"शेठनेच पाठवला होता तो माणूस!" हूरबाई ओरडली.

सगळी डोकी तिकडे वळली. बाई जमातीत बोलत नसते. शेजारणीने तिची ओढणी धरून खाली खेचली, तिने ती हिसकून घेतली आणि चालत पुढे आली, पार खाटेपर्यंत.

"शेठ, काय गेलं ते दाखवा म्हणतोस ना? ऐक. माझी पोरं लहान होती तेव्हा मी हाक मारली की जिथे असतील तिथून धावत यायची. उद्या एखादी बाई हुबेहूब माझ्या आवाजात माझ्या पोराला हाक मारेल आणि विहिरीकडे नेईल. पोर पडेल आत. मग ती म्हणेल, बाई, तुझं मी काय नेलं? तुझा आवाज तर तुझ्या घशातच आहे! म्हणेल ना असं? तिला तुम्ही खाटेवर बसवून चहा पाजाल?"

"बाई, शेठ पाहुणे आहेत," हाजी म्हणाला.

"मिठूने चोरलं, मार खाल्ला, घंटा परत दिली. आली माझी घंटा घरी! ह्याने जे नेलं ते कसं परत देणार हा? गावभर सांडलंय ते! आणि मिठूने चोरताना माझ्या घरच्या हातच्या खाचा मारून मलाच बदनाम केलं नाही. ह्याने मला माझ्या दारात ताकाला महाग केलं. मला चोर आवडत नाही, हाजीसाहेब, पण मिठू ह्याच्यापुढे पीर आहे पीर!"

"पुरे."

"पुरे कशी? तुमच्याच गोठ्यात तीन बांधल्यात. तुम्ही कसे निकाल देणार? उठा आधी तिथून!"

 हाजीचा मुलगा आमद उभा राहिला, बापाने हाताने त्याला बसवलं. हाजीच्या दाढीचं टोक थरथरत होतं. मग तो शांत आवाजात बोलायला लागला, आणि हूरबाईला कळलं की आपण काम बिघडवलं. चिडलेला हाजी एखादे वेळी निवला असता. लाज काढलेला हाजी निवणार नव्हता.

निकाल असा झाला. साद खमीसाच्या हातून गेली, म्हणून दोष खमीसाचा. ती आता इतक्या गळ्यांत आहे की परत घेता येणार नाही. तेव्हा जखराने आपली साद बदलावी. खमीसाने स्वतः, बिनपैशाने, जखराच्या सगळ्या घंटांना नवी साद घालून द्यावी, आजच. हारून शेठने गावच्या जनावरांसाठी तळ्यावर सिमेंटचा पक्का हौद बांधून द्यायचं कबूल केलं. त्यावर सगळ्यांनी शेठला दुवा दिली.

"मला माझी साद हवी," जखरा म्हणाला. "आज्याची आहे ती."

"आता ती सगळ्यांची झाली, जखरा," हाजी म्हणाला. "तुलाच त्रास होतोय, तर तूच बदल."

मिठू अजून कान धरून बसला होता. त्याला सोडा असं कुणी सांगितलंच नव्हतं.

जखराच्या अंगणात म्हशी सोडायच्या आधी घंटा काढल्या. लाखी म्हातारी होती, कपाळावर पांढरा चांद. जखराच्या बायकोने तिच्या गळ्यातला पट्टा सोडला तेव्हा तिथले केस घासून घासून गेलेले दिसले, कातडी गुळगुळीत झालेली. लाखीने रिकामी मान दोनदा हलवली. काही वाजलं नाही. तिने परत हलवली.

खमीसाने ऐरण मांडली. लाखीची घंटा त्याच्या बापाच्या हातची होती. त्याने हातोडा उचलला आणि तसाच धरून बसला. त्याच्या मनगटाच्या शिरा फुगल्या. जखरा समोर उकिडवा बसला होता. 

"ठोक," हूरबाई म्हणाली.

त्याने मान हलवली.

"तिथे तोंड उघडताना नाही अडलास? ठोक की! खरं बोलायची हौस फिटली ना?" तिने त्याच्या हातातून हातोडा ओढून घेतला. तिने कधी सादेवर हात टाकला नव्हता. ते पुरुषाचं काम. तिने घंटा ऐरणीवर धरली आणि कडेवर घाव घातला. दुसरा घातला. पितळेचा पापुद्रा उडून तिच्या गालाला लागला. ती रडत होती आणि ठोकत होती, आणि ज्याला शिव्या देत होती तो हारून होता, की हाजी, की शेजारी बसलेला हा खुळा सच्चा माणूस, ते तिचं तिलाही कळत नव्हतं. शेवटी खमीसाने तिचं मनगट धरलं. हातोडा घेतला. लोलक हलवून ऐकलं, दोन ठिकाणी हलकेच ठोकलं, परत ऐकलं. साद झाली. नवी, चांगली, स्वच्छ साद. जखराने ऐकली आणि तोंड दुसरीकडे केलं.

मग बाकीच्या घंटा त्याने स्वतः केल्या. अंधार पडायच्या आत म्हशी सुटल्या.

पहाटे हूरबाई नेहमीसारखी जागी झाली आणि पडून ऐकत राहिली. जखराची जुनी साद वाजत आली, ती दुसऱ्याच्या गळ्यातली होती. मग तीच आणखी एकीकडून. मग तिसरीकडून. नवी साद एकदाच ऐकू आली, लांबून, आणि भलत्याच वाटेला गेली. ती ताडकन उठली.

बाहेर जखरा धावत चालला होता, अनवाणी. त्याचं अंगण रिकामं होतं. हूरबाई त्याच्या मागे निघाली. मागे वळून तिने नवऱ्याला हाक मारली नाही.

जखराच्या म्हशी हाजी मामदच्या गोठ्यात उभ्या होत्या. सगळ्या. जन्मभर ज्या सादेमागे चालल्या तिच्यामागे चालत आल्या होत्या, त्यांचं काय चुकलं? लाखी पण होती, गळ्यात स्वतःची, नव्या सादेची घंटा घेऊन. तिच्या पुढ्यात चारा टाकलेला होता. आणि आमद चरवी गुडघ्यात धरून जखराच्या दुभत्या म्हशीखाली बसला होता. दुधाची धार चरवीत वाजत होती.

"आमद!" जखरा ओरडला.

"ओरडू नकोस, जखराकाका. मी आणल्या नाहीत, त्या आपणहून आल्या. आमचा चारा खाल्ला, म्हणून थोडं दूध काढतोय. बाकी घेऊन जा."

हाजी मामद ओसरीवर तसबीह घेऊन बसला होता. त्याने मणी ओढणं थांबवलं नाही. जखराने त्याच्याकडे बघितलं, मग लाखीच्या कपाळावर हात ठेवून हाक मारली. लाखीने कान हलवले. तेवढ्यात हाजीच्या म्हशीने मान झटकली, आणि लाखी जखराकडे पाठ करून त्या घंटेकडे वळली.

हूरबाई जखराला ओलांडून आत गेली. हाजीच्या पुढारी म्हशीच्या गळ्यातला पट्टा तिने दोन्ही हातांनी धरला आणि बक्कल उपसलं. घंटा हातात आली. ती तिने जमिनीवर टाकली नाही, काखेत धरली, आणि दुसऱ्या म्हशीकडे गेली.

"ए म्हातारे! काय करतेस?" आमद उठला. चरवी लवंडली. "चोर! बाबा, बघताय ना? दिवसाढवळ्या चोरी!"

"हो," हूरबाई म्हणाली. तिसऱ्या म्हशीचं बक्कल कडक होतं, तिने दातांनी पट्टा ओढला. "चोरी. तुमच्या समोर. तुमची घंटा मी नेतेय, तुमची तेवढी कमी होतेय. मोजून घ्या. आणि इथून कादरकडे चाललेय, मग अलानाकडे. जमात बोलवा."

"हात लावू नकोस तिला," हाजी मुलाला म्हणाला. मणी थांबले होते. गल्लीत माणसं जमायला लागली होती. अंगणाच्या तोंडाशी कादर उभा होता, तोंडात दातवणाची काडी धरून.

आमदने तिचा दंड धरला. जखरा मधे आला. चिंध्या बांधलेल्या हाताने त्याने आमदची बोटं एकेक करून सोडवली, आणि आमदने पुन्हा धरलं नाही.

हूरबाई बाहेर निघाली तेव्हा काखेतल्या घंटा एकमेकींवर आपटून वाजत होत्या, आणि जखराच्या म्हशी गोठा सोडून तिच्या मागे येत होत्या. गल्लीच्या वळणावर खमीसा उभा होता. धावत आल्यामुळे त्याला दम लागला होता. त्याच्या खांद्यावर कोळशाचं रिकामं पोतं होतं.

"तू घरी जा," ती म्हणाली. "तुला जमातीत विचारलं तर खोटं बोलता यायचं नाही."

"नाहीच यायचं," खमीसा म्हणाला. त्याने पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं. "टाक त्या यात. कादरचा गोठा आधी करू, तो इथेच उभा आहे. त्याच्यासमोर मोजून घेऊ."